मंतरलेल्यांचा डाव

प्रोफे एलादिओ उस्कांगांना कुणी विचारलं, तुम्ही शाळेत शिकवता काय, की ते म्हणत, "पळायला." विचारणारा हसायचा आणि प्रोफेंचं टाळकं सरकायचं. सहा वर्षांच्या पोराला पळता येतं हा मोठ्या माणसांचा गैरसमज आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. पोर पडेपर्यंत पळतं, एवढंच. न पडता पळणं, दुसऱ्याला न पाडता पळणं आणि वाटेत कुणी रडत बसलं असेल तर पळता पळता थांबणं, या तिन्ही गोष्टी शिकवाव्या लागतात. त्यात वर्षं जातात, आणि तरी काही पोरं शेवटची गोष्ट शिकत नाहीत ती नाहीतच. पुढे तीच साखर कारखान्यात मुकादम होतात, असंही ते वर जोडत.

पापालोआपान नदीच्या काठावरच्या आमच्या गावात मास्तराला प्रोफे म्हणतात, आणि शाळा दोन. त्यातल्या नदीकडच्या शाळेत प्रोफे एकतीस वर्षं खेळाचे मास्तर होते, तेही पहिली-दुसरीचे. तरुणपणी त्यांना बेसबॉल खेळायचा होता, थेट बंदराच्या शहरातल्या संघात. पण खांदा निखळला तो नीट बसलाच नाही, आणि चोविसाव्या वर्षी गळ्यात शिट्टी अडकवून ते इथे आले. वर्गाच्या बाया पाठीमागे त्यांना "शिट्टी" म्हणायच्या. पालकसभा आली, खेळाचा तास रद्द. लस टोचायला माणसं आली, खेळाचा तास रद्द. मुख्याध्यापिका ओर्तेन्सियाबाईंना तर पाऊस पडायच्या आधीच पाऊस दिसायचा. नोव्हेंबरात मात्र प्रोफेंना सोन्याचा भाव येई. वीस तारखेच्या, क्रांतिदिनाच्या मिरवणुकीत पोरांचे मनोरे हवेत, कवायत हवी, आणि आपल्या शाळेनं वरच्या शाळेपुढे नाक कापून घ्यायचं नाही. मग सगळ्यांच्या तोंडी प्रोफे, प्रोफे. एकवीस तारखेला पुन्हा शिट्टी.

सामान म्हणाल तर एक गोणी. तिच्यात बाटल्यांची बुचं, एक जाड दोर, जुन्या मोज्यांचे चेंडू आणि बायकोनं, क्रिसान्तानं, शिवलेल्या घेवड्याच्या पिशव्या. पिशव्या दर पावसाळ्यात उंदीर खायचे आणि क्रिसान्ता उंदरांना सोडून नवऱ्याला शिव्या घालायची. एवढ्यावर प्रोफे चाळीस पोरं तासभर खेळवत. त्यांच्या तासाला कुणी बाद होऊन भिंतीकडेला बसत नसे. ज्याला पळायची सर्वात जास्त गरज तोच सर्वात आधी बाद होतो आणि सर्वात जास्त वेळ बसून राहतो, हा कुठला खेळ, असं ते म्हणत. म्हणून त्यांचा लाडका डाव मंतरलेल्यांचा. ज्याच्यावर राज्य त्यानं हात लावला की मंतरलात. जिथे असाल तिथे हात पसरून उभं राहायचं, हलायचं नाही, बोलायचं नाही. सवंगड्यानं येऊन हात लावला की सुटलात, पुन्हा पळा. या डावात धरलं जाण्याची पोरांना भीती वाटत नसे, कारण कुणीतरी येणार हे ठरलेलं असे.

आणि एक होता चॉकलेटचा कायदा. चॉकलेटचा गडी म्हणजे कच्चं लिंबू. लहानगं, अधू, आजारी पोर खेळात असतं, पण त्याला कुणी धरत नाही आणि त्यानं धरलेलं मोजत नाहीत. हे गल्लोगल्ली चालतं. पण नावडत्या पोराला कटवायलाही पोरं तेच वापरतात, "तू चॉकलेटचा" म्हटलं की विषय संपला. एकदा असं एक पोर घरी जाऊन दोन दिवस जेवलं नाही. तेव्हापासून प्रोफेंनी कायदा केला होता. चॉकलेट लावणार ते प्रोफे आणि काढणारही प्रोफेच. कायदा पक्का होता आणि पोरं तो देवाच्या आज्ञेसारखा पाळत.

सुलेमा ही प्रोफेंची नात. तिची आई फिदेलिया उत्तरेच्या सरहद्दीवरच्या कारखान्यात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची आणि वर्षातून एकदा, नाताळाला यायची. तीन वर्षांची असताना पोर आजोळी आली ती इथलीच झाली. जिभेला हाड नाही, केसांना तेल चालत नाही, आणि जिना चढली की ओठ जांभळे. बंदरातल्या डॉक्टरांनी काळजाच्या पडद्यात दोष सांगितला. ऑपरेशन डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी ठरलं. तोवर पळणं नाही, दोरीवरच्या उड्या नाहीत, धक्काबुक्की नाही.

दुसरीचं वर्ष सुरू झालं त्या पहिल्याच तासाला प्रोफेंनी शिट्टी फुंकली आणि सर्वांदेखत सांगितलं, "सुलेमा चॉकलेटची."

पोरांनी मान डोलावली. शाळेत सुलेमा त्यांना प्रोफे म्हणे आणि अहोजाहो करी. घरी जाताना फाटकाबाहेर पाऊल पडलं की आजोबा, आणि अरेतुरे.

"आजोबा, तू मला चॉकलेट का लावलंस?"

"डॉक्टरांनी लावलं. मी नुसतं सांगितलं."

"डॉक्टरला चॉकलेट म्हणजे काय हे तरी माहीत आहे का?"

"त्याला सगळं माहीत असतं. चल."

पहिले दोन महिने ती पोरांमधून चालत फिरली. ज्याच्यावर राज्य असे तो तिच्या अंगावरून वाऱ्यासारखा निघून जाई. कधी कुणाला धक्का लागलाच तर पोरगं घाबरून "चुकून, चुकून" म्हणे. सुलेमानं मंतरलेल्यांना सोडवायला सुरुवात केली, तर पोरं म्हणाली तेही मोजायचं नाही. मग ती बदामाच्या झाडाखाली उभी राहून कुणी लबाडी केली त्याची चहाडी करू लागली. तिला न्यायाची फार आवड आहे, असं प्रोफे कौतुकानं घरी सांगत. क्रिसान्ता तव्यावरच्या भाकऱ्या उलटत म्हणाली, "न्यायाची आवड नाही तिला, म्हाताऱ्या. तिला काम नाही."

नोव्हेंबर आला. तोडणीआधी उसाचे फड पेटवायला लागले आणि शाळेच्या पटांगणात काळी राख उतरू लागली. मिरवणुकीच्या कवायतीत सुलेमाला झेंडा धरून उभं केलं. तिनं तो नीट धरला. त्या संध्याकाळी नदीच्या बांधावरून घरी येताना तिनं प्रोफेंचं बोट धरलं. मग एकदम बोलली.

"आजोबा, माझं चॉकलेट काढ ना. एकच डाव."

"ऑपरेशन झालं की काढतो. मग रोज खेळ."

"आधी."

"आधी नाही."

"मी पळणारच नाही. नुसती उभी राहीन. मला कुणीतरी धरू दे."

"धरून घ्यायची एवढी काय हौस गं?"

सुलेमानं त्यांच्याकडे बघितलं, मास्तर असून एवढं कळत नाही, अशा नजरेनं. "धरलं की मग कुणीतरी सोडवायला येतं. मला सोडवायला कधी कुणी आलंच नाही."

पण प्रोफे खेळाचे मास्तर होते, आणि पोरांचं त्यांना माहीत होतं. एकदा राज्य घेणारं पोर मागे लागलं की उभं राहीन म्हणणारं पोर उभं राहत नाही. पाय आपोआप पळतात. ते म्हणाले, "डिसेंबरनंतर." तिनं आणखी तीनदा विचारलं, एकदा जेवताना, एकदा दात घासताना, एकदा चर्चमध्ये अगदी प्रार्थनेच्या मधोमध. तिन्ही वेळा उत्तर तेच. क्रिसान्तानंसुद्धा एकदा रदबदली केली.

"चार पोरांना हळूच चालत येऊन तिला हात लावा म्हणावं. काय बिघडतं?"

"म्हातारे, तू स्वयंपाक बघ. पोरं हळूच चालत नसतात."

"तुझं ऐकत नाहीत होय? एकतीस वर्षं काय शिकवलंस मग?"

प्रोफे चिडून अंगणात जाऊन बसले.

मंगळवारी ऑपरेशन, म्हणून रविवारी बसनं बंदराला निघायचं होतं. शुक्रवारी शेवटच्या तासाला प्रोफेंना रजेच्या कागदांसाठी ओर्तेन्सियाबाईंनी बोलावलं. एक शिक्का हवा होता, मग दुसरा, मग ज्या कपाटात शिक्का त्याची किल्ली. पोरांना त्यांनी सांगून ठेवलं होतं, मी येईपर्यंत बुचांचा खेळ, बसून. तास संपला तरी कागद संपले नाहीत.

पुढचं लांबण लावायला नको. ऑपरेशनच्या आदल्या रात्री फिदेलिया उत्तरेहून येऊन पोचली. डॉक्टर चांगले होते, त्यांनी जीव तोडून केलं. उघडल्यावर दिसलं ते फोटोत दिसलं होतं त्याहून वाईट होतं. सुलेमा मंगळवारी शुद्धीवर आली, बुधवारी आजीकडे पाणी मागितलं आणि गुरुवारी सकाळी गेली. सात वर्षं आणि चार महिन्यांची.

घरी नऊ दिवस प्रार्थना झाली. शेजारणींनी कॉफी केली, पाव आणले, खुर्च्या लावल्या आणि परत नेल्या. फिदेलिया दहाव्या दिवशी सरहद्दीवर परतली, कारण कारखाना त्यापलीकडे कुणासाठी थांबत नाही. क्रिसान्ता रडायची ती मोठ्यानं, भांडी घासता घासता, आणि मग तोंड धुऊन पुढच्या कामाला लागायची. प्रोफेंना रडू येत नव्हतं. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. पोरीनं जन्मात एक गोष्ट मागितली, ती आपल्या हातात होती आणि आपण दिली नाही. द्यायला नको होती हेही खरं. पण त्या खऱ्याचा आता काय उपयोग, हे त्यांना कळत नव्हतं.

जानेवारीत शाळा उघडली. ओर्तेन्सियाबाई म्हणाल्या, महिनाभर घरी राहा. प्रोफे म्हणाले, घरी काय करू? उत्तरेचा गार वारा सुटला होता, पोरं स्वेटर घालून आली होती. बायांनी काहीतरी सांगून ठेवलं असावं, कारण सगळी कधी नव्हे ती रांगेत उभी होती.

"काय खेळायचं?" प्रोफेंनी विचारलं.

कुणी म्हणालं दोर. कुणी म्हणालं बुचं. मंतरलेल्यांचं नाव कुणी काढलं नाही. प्रोफेंना वाटलं, आपल्या दुःखाला जपताहेत बिचारी. दुसऱ्या आठवड्यात तेच. तिसऱ्या आठवड्यात त्यांनीच शिट्टी फुंकून सांगितलं, "आज मंतरलेले. राज्य एव्हरार्दोवर."

एव्हरार्दो हा वर्गातला सर्वात दांडगा गडी. तो जागचा हलला नाही. बाकीचीही नाही. आणि नोएमी चिगो नावाची बारकी मुलगी रांगेतून निघाली ती पाण्याच्या नळापाशी जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. ती सुलेमाची जिवाभावाची मैत्रीण. नाताळापासून पोरगी धड खात नाही, असं तिच्या वर्गाच्या बाई सांगतच होत्या.

प्रोफेंनी बाकीच्यांना दोर काढून दिला आणि ते नळापाशी गेले. गुडघे कुरकुरत होते तरी खाली बसले.

"काय झालं, नोएमी?"

"काही नाही."

"काही नाहीला एवढं रडू येत नाही."

नोएमीनं बाहीला नाक पुसलं. "सांगितलं तर मारणार?"

"मी कधी कुणाला मारलंय?"

तिनं थोडा विचार केला. ते खरं होतं. मग ती भिंतीलाच सांगू लागली.

"त्या शुक्रवारी तुम्ही ऑफिसात होता ना, तेव्हा आम्ही मंतरलेले खेळलो. सुलेमा म्हणाली मला पण घ्या, खरं. एव्हरार्दो म्हणाला चॉकलेट फक्त प्रोफे काढतात. तर ती म्हणाली, मी प्रोफेंची नात आहे, मी काढते. मग आम्ही हात वर केले. सगळ्यांनी केले, प्रोफे. मी एकटीनं नाही."

क्षणभर प्रोफेंच्या मस्तकात सणक गेली. कुणावर, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पोरांवर, ओर्तेन्सियाबाईंच्या किल्लीवर, स्वतःवर. त्यांनी दात आवळले. डॉक्टरांनी दाखवलेला फोटो त्यांना आठवला. ते दुखणं शुक्रवारचं नव्हतं, ते तिच्या जन्मापासूनचं होतं. एवढं मनाला बजावून मग ते बोलले.

"पळाली ती?"

"चार पावलं. मग एव्हरार्दोनं धरली. सगळ्यात पहिली तीच धरली गेली." नोएमीचा आवाज बारीक झाला. "हसत होती. हलायचं नसतं म्हणून हात असे पसरून, तोंड मिटून हसत होती."

नोएमीनं पुन्हा बाहीला नाक पुसलं.

"मी तिला म्हटलं होतं, मी तुला सोडवीन. पण एव्हरार्दो तिथेच फिरत होता. मग घंटा झाली. आई सायकल घेऊन फाटकात उभी होती, मी पळाले. सगळेच पळाले. मला घरी गेल्यावर आठवलं." आता ती हुंदके देत होती. "प्रोफे, कुणी सोडवलं नाही तर माणूस तसंच राहतं ना? ती तशीच गेली का बंदराला? म्हणून मेली का?"

आणि तेव्हा प्रोफेंना तो शुक्रवार आठवला. इतके दिवस त्यांनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नव्हतं. हातात कागदांची फाईल घेऊन ते ऑफिसातून निघाले, तर रिकाम्या पटांगणात सुलेमा एकटी, दोन्ही हात पसरून उभी. राख पडत होती, तिच्या केसांवर, बाह्यांवर. त्यांनी व्हरांड्यातूनच हाक मारली. ती हलली नाही, नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. ऑपरेशनच्या भीतीनं पोरीला काहीतरी सुचलंय, असं त्यांना वाटलं. उशीर झाला होता, बसची तिकिटं काढायची होती. "सुलेमा, पुरे झाली नाटकं," ते ओरडले, "आजी वाट बघतेय." तरी ती उभीच. ते दुसऱ्यांदा ओरडले, जरा जोरात. मग तिनं हात खाली घेतले आणि आपली आपण चालत आली. वीस पावलं होती पटांगणात. एकतीस वर्षं मंतरलेल्यांचा डाव शिकवणारा माणूस ती वीस पावलं चालला नाही.

"प्रोफे?" नोएमी म्हणाली.

"नाही," प्रोफे म्हणाले. "तशी नाही गेली. तिला सोडवलं."

"कुणी?"

"मी."

"हात लावून?"

"हात लावून."

नोएमीनं मान वर केली. कायदा तिलाही पाठ होता. "पण तुम्ही खेळात नव्हता. ते मोजत नाहीत."

"मी होतो खेळात," प्रोफे म्हणाले. "तुम्ही गेल्यावर मी खेळात आलो. प्रोफे कधीही खेळात येऊ शकतात. तो नियम तुम्हाला सांगायचा राहिला होता, चूक माझी."

तिनं त्यांच्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं. लहान पोरांपुढे खोटं बोलणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी पहिली-दुसरीला शिकवलेलं नसतं. प्रोफेंनी नजर हलू दिली नाही.

"सुटल्यावर पळाली?"

"पळाली. अगदी फाटकापर्यंत. मला सापडली नाही."

नोएमीनं नळाखाली तोंड धुतलं, स्वेटरला पुसलं आणि दोराकडे गेली. थोड्या वेळानं ती एव्हरार्दोच्या कानात काही सांगताना दिसली, त्यानं ते पुढच्याला सांगितलं. तास संपायच्या आत अख्ख्या वर्गाला कळलं होतं. शेवटची दहा मिनिटं पोरं आपणहून मंतरलेले खेळली. प्रोफेंनी शिट्टी मारली नाही, नुसते बघत राहिले.

त्या दुपारी घरी क्रिसान्ता मक्याचे दाणे निवडत बसली होती. प्रोफे तिच्यासमोर बसले.

"म्हातारे, पोरगी खेळली होती. जायच्या आधी, शुक्रवारी. खरा डाव."

क्रिसान्ताचे हात थांबले. "कुणी सांगितलं?"

"नोएमीनं. पोरांनीच चॉकलेट काढलं."

"पळाली?"

"चार पावलं. पहिल्यांदा तीच धरली गेली. हसत होती म्हणे."

क्रिसान्तानं शालीचं टोक तोंडाला लावलं. दीड-दोन महिन्यांत पहिल्यांदाच ती रडता रडता हसली. "हसणारच. गाढव कुठली. मनासारखं करून घेतलंच शेवटी." तिनं डोळे पुसले, दाणे पुन्हा पुढ्यात ओढले आणि विचारलं, "मग सोडवलं कुणी तिला?"

शाळेत 'मी' हा शब्द तोंडून सहज निघाला होता. इथे निघेना. प्रोफे दाण्यांकडे बघत बसले, आणि क्रिसान्तानं पुन्हा विचारलं तेव्हा त्यांना इतक्या दिवसांचं रडू आलं.